आयोवा राज्य : भूमी, उत्पन्न आणि भाषा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नकाशावर पूर्वेस मिसिसिपी आणि पश्चिमेस मुख्यत्वे मिझूरी ह्या दोन महानद्यांमध्ये जो जवळजवळ चौकोनी प्रदेश दिसतो, ते आयोवा राज्य होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ४६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून किंचित कमी आहे. लोकसंख्या मात्र २०२० च्या शिरगणतीनुसार ३१ लाख ९० हजार, म्हणजे २०११ साली एकट्या पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत जेवढी वस्ती होती साधारण तेवढीच. एवढ्या थोड्या माणसांच्या ह्या राज्यात अलीकडच्या चांगल्या वर्षांत सहा कोटी टनांहून अधिक मका पिकतो. संपूर्ण भारताचे मक्याचे उत्पादनही त्याहून बरेच कमी भरते. डुकरांची संख्या दोन कोटींच्या वर आहे. मका, डुकरे, अंडी आणि मक्यापासून काढलेले इथेनॉल ह्या चारही बाबतींत हे राज्य देशात अग्रस्थानी असते.

हे आकडे वाचून आयोवाची समृद्धी ही काळ्याभोर मातीची सहज देणगी आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे, आणि शालेय भूगोलाच्या पुस्तकांनी तो दृढही केला आहे. प्रस्तुत लेखात मांडावयाचा विचार निराळा आहे. ही समृद्धी मोजणी, निचरा, बियाणे आणि यंत्र ह्या मानवी करणींनी घडविली. आणि त्यांतील प्रत्येक करणीने जमिनीचे उत्पन्न वाढविले, पण जमिनीवरचा माणूस बदलला किंवा कमी केला. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे माणसांच्या ह्या येण्याजाण्याचा माग त्याने शक्य तेथे भाषांवरून घेतला आहे. अर्थशास्त्रज्ञ वाचकांनी ही सवय सांभाळून घ्यावी.

प्रथम नावाचाच विचार करू. ज्यांच्यावरून राज्याचे नाव पडले ते लोक स्वतःला 'बाखोजे' म्हणवितात. 'आयोवा' हे नाव त्यांना शेजारच्या डकोटा लोकांनी दिले. ते फ्रेंच व्यापाऱ्यांच्या तोंडून वळण घेत इंग्रजीत आले. बाखोजे लोकांची भाषा सूअन कुलातील चिवेरे शाखेची. १८३६ ते १८३८ ह्या काळातील करारांनी ह्या लोकांना मिझूरीपलीकडे जावे लागले, आणि आज त्यांच्या मान्यताप्राप्त जमाती कॅन्सस-नेब्रास्का व ओक्लाहोमा येथे आहेत. म्हणजे राज्याला नाव आहे ते ज्यांना तेथून जावे लागले त्यांचे, आणि तेही त्यांचे स्वतःचे नव्हे. राजधानी डि मॉइन हिच्या नावाच्या व्युत्पत्तीविषयी तर अद्याप वाद आहे; फ्रेंच संन्याशांपासून स्थानिक जमातीच्या नावापर्यंत अनेक तर्क लढविले गेले आहेत.

फ्रेंच प्रवासी मार्केत आणि जोलिए हे १६७३ मध्ये मिसिसिपीतून ह्या किनाऱ्यावर उतरले. १८०३ साली लुइझियानाच्या खरेदीबरोबर हा प्रदेश अमेरिकेकडे आला. विकणारा नेपोलियन आणि विकत घेणारा जेफर्सन ह्या दोघांनीही तो पाहिलेला नव्हता. त्या वेळी पूर्व भागात सॉक आणि मेस्क्वाकी हे दोन आल्गॉन्क्वियन भाषाकुलातील समाज प्रबळ होते. १८३२ मध्ये सॉक नेता ब्लॅक हॉक ह्याचा पराभव झाल्यावर मिसिसिपीच्या पश्चिमेची सुमारे साठ लाख एकर जमीन करारान्वये काढून घेण्यात आली आणि १ जून १८३३ पासून ती वसाहतकऱ्यांना खुली झाली. ब्लॅक हॉकने सांगितलेले आत्मचरित्र त्याच वर्षी छापले गेले. बोलणे सॉक भाषेतले, दुभाषा आंत्वान ल क्लेअर, आणि पुस्तक इंग्रजी. त्यातील कोणते वाक्य त्याचे आणि कोणते संपादकाचे, हे ठरविण्याचे साधन आपल्या हाती नाही.

मेस्क्वाकी लोकांची कथा मात्र इतकी सरळ नाही. १८४२ च्या कराराने त्यांना कॅन्ससकडे पाठविण्यात आले; पण काही कुटुंबे गेलीच नाहीत, आणि काही परतून आली. १८५६ मध्ये आयोवाच्या विधिमंडळाने त्यांना राहू देणारा कायदा केला आणि १८५७ मध्ये त्यांनी टामा काउंटीत ऐंशी एकर जमीन एक हजार डॉलर देऊन विकत घेतली. ते नागरिक नसल्यामुळे ती गव्हर्नरांच्या नावे विश्वस्त म्हणून ठेवावी लागली. स्वतःच्याच भूमीचा तुकडा बाजारभावाने विकत घेणारा हा समाज पुढे एकेक तुकडा जोडीत गेला, आणि आज त्याच्याकडे आठ हजारांहून अधिक एकर जमीन आहे. ही सरकारने राखून दिलेली जमीन नव्हे, खरेदीची आहे, हा भेद ते लोक आग्रहाने सांगतात. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही भाषा 'फॉक्स' ह्या नावाने परिचित असेल. त्याच समाजात वाढलेल्या विल्यम जोन्स ह्याने संपादिलेल्या कथांवरून लेनर्ड ब्लूमफिल्डने तिचे वर्णन लिहिले, आणि मध्य आल्गॉन्क्वियन भाषांच्या मूळ ध्वनिव्यवस्थेची १९२५ मध्ये जी मांडणी केली तिच्या चार आधारांपैकी ही एक होती. लिखित परंपरा नसलेल्या भाषांनाही ध्वनिनियम तितक्याच काटेकोरपणे लागू पडतात, ह्या सिद्धांताचा एक भक्कम पुरावा टामा काउंटीतील ह्या छोट्या समाजाच्या भाषेत होता.

आता मोजणीकडे वळू. १८३८ मध्ये आयोवा स्वतंत्र प्रदेश झाला आणि २८ डिसेंबर १८४६ रोजी एकोणतिसावे राज्य म्हणून संघात आला; पण त्याचा खरा पाया १७८५ च्या भूमापन अधिनियमाने घातला होता. सहा मैल लांब व तितकाच रुंद असा एक 'टाउनशिप', त्याचे छत्तीस विभाग, प्रत्येक विभाग ६४० एकरांचा, आणि त्याचा चतुर्थांश म्हणजे १६० एकर हा एका कुटुंबाचा सामान्य घटक. मोजणीदार साखळी घेऊन पुढे गेले आणि नदी, उतार वा पाणथळ ह्यांची फिकीर न करता काटकोनी रेषा आखीत गेले. एकरी सव्वा डॉलर ह्या दराने सरकारने जमीन विकली. आजही विमानातून पाहता आयोवा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो आणि बहुतेक रस्ते मैलामैलावर सरळ छेदतात.

ह्या मोजणीचा एक सामाजिक परिणाम मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावा. आपल्या अर्थाने 'गाव' तेथे निर्माणच झाले नाही. शेतकरी आपापल्या १६० एकरांच्या मध्यावर घर बांधून राहिला. शेजारी अर्ध्या मैलावर. 'टाउनशिप' ह्या शब्दाचे भाषांतर 'गाव' असे करणे म्हणूनच चुकीचे ठरते, कारण गावठाण, वेस, चावडी ह्यांपैकी त्यात काहीच नाही. अपवाद एकच, पण मोठा बोलका आहे. १८५५ पासून आयोवा नदीच्या काठी आमाना येथे एका जर्मन धर्मपंथाने सात गावे वसविली. जमीन सामाईक, स्वयंपाक सामाईक, आणि वस्ती दाट. ही सामुदायिक व्यवस्था १९३२ पर्यंत टिकली. तेथे घडलेली जर्मन बोली, 'कोलोनी-डाइच', तिच्यापेक्षाही अधिक काळ टिकली. विखुरलेल्या शेतघरांतील जर्मन ज्या वेगाने लोपली त्याच्याशी हे ताडून पाहिले म्हणजे भाषा टिकण्यात वस्तीच्या रचनेचा वाटा केवढा असतो, हे लक्षात येते.

आलेल्या लोकांत जर्मन सर्वांत अधिक. त्यांचे मुख्य केंद्र डेव्हनपोर्ट. हेन्ड्रिक स्कोल्टे ह्याच्या नेतृत्वाखाली सुमारे आठशे डच १८४७ मध्ये पेला येथे आले. नॉर्वेजियन डेकोरा परिसरात स्थिरावले, आणि त्यांचे 'डेकोरा-पोस्टेन' हे वृत्तपत्र १८७४ पासून १९७२ पर्यंत, जवळजवळ शतकभर, नॉर्वेजियन भाषेत निघत राहिले. चेक वस्ती सीडर रॅपिड्स व स्पिलव्हिल येथे. संगीतकार द्वोर्झाक ह्याने १८९३ चा उन्हाळा स्पिलव्हिलमध्ये घालविला तो आपल्या भाषेच्या लोकांत राहावे म्हणूनच.

ह्या लोकांना जी जमीन मिळाली ती आरंभी सर्वत्र पिकाऊ नव्हती. राज्याचा चार पंचमांशांहून अधिक भाग उंच गवताच्या प्रेअरीने व्यापलेला होता. तिची मुळे खोल आणि घट्ट. लाकडी नांगर तीत चालेना, पोलादी नांगर लागला. उत्तर-मध्य भागात शेवटच्या हिमयुगातील हिमनदी ओसरताना जी सपाट, खळग्याखळग्यांची भूमी मागे राहिली, तेथे पाण्याला वाटच नव्हती. वसंतात तेथे नुसती दलदल होई आणि हिवतापाची साथ असे. १८८० पासून चाळीस वर्षे ह्या भागात भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीखाली चारपाच फुटांवर पुरण्याचे प्रचंड काम चालले. एका शेताचे पाणी दुसऱ्याच्या शेतातून गेल्याखेरीज ओढ्याला मिळत नसल्यामुळे शेतकऱ्यांना एकत्र येऊन निचरा-मंडळे स्थापावी लागली, आणि त्यांना कायदेशीर बळ देण्यासाठी १९०८ मध्ये राज्यघटनेतही दुरुस्ती झाली. राज्यातील सर्वांत मौल्यवान गणली जाणारी काळी जमीन ती ह्या नळ्यांवर उभी आहे. प्रेअरी मात्र आज हजारात एक हिस्साही उरलेली नाही.

मका जड आणि स्वस्त. तो दूर नेणे परवडत नसे. म्हणून तो डुकरांना चारावा आणि डुक्कर विकावे, हे गणित लवकरच रूढ झाले. १८५६ मध्ये डेव्हनपोर्टजवळ मिसिसिपीवर पहिला रेल्वेपूल झाला, १८६७ पर्यंत रूळ मिझूरीला भिडले, आणि शिकागोची बाजारपेठ दारात आली. पुढे रेल्वेच्या दरांविरुद्ध शेतकऱ्यांनी चळवळ केली आणि १८७४ मध्ये दरनियंत्रणाचा कायदाही करवून घेतला, तो फार काळ टिकला नाही.

पहिल्या महायुद्धाने आयोवाच्या बहुभाषिकतेवर जो आघात केला, त्याला अमेरिकेतही जोड सापडणे कठीण आहे. २३ मे १९१८ रोजी गव्हर्नर विल्यम हार्डिंग ह्यांनी एक जाहीरनामा काढला. शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर, सभेत आणि चर्चमध्येही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरू नये. ज्यांना इंग्रजी समजत नाही त्यांनी घरी प्रार्थना करावी. घटनेने दिलेले भाषणस्वातंत्र्य म्हणजे परकीय भाषेत बोलण्याचा हक्क नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जर्मन ही शत्रूची भाषा म्हणून आरंभ झाला खरा, पण जाहीरनाम्याच्या शब्दांत डच, नॉर्वेजियन, डॅनिश, चेक सर्वच सापडल्या. मित्रराष्ट्रांच्या भाषाही सुटल्या नाहीत. स्कॉट काउंटीत टेलिफोनवर जर्मन बोलल्याबद्दल शेतकरी स्त्रियांना दंड झाला. युद्ध संपल्यावर त्याच डिसेंबरात जाहीरनामा मागे घेण्यात आला. तरी १९१९ मध्ये प्राथमिक शाळांतून इंग्रजी माध्यमाची सक्ती करणारा कायदा झालाच. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये रद्द ठरविला. परंतु एका पिढीच्या आईबापांनी मुलांशी घरची भाषा बोलणे सोडून दिले, ते न्यायालयाच्या निकालाने परत येणारे नव्हते. येथे एका विसंगतीची नोंद करणे अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धात ह्याच राज्यातील आठ मेस्क्वाकी तरुणांनी उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर आपल्या मातृभाषेतून सैन्याचे गुप्त संदेश पाठविले. शत्रूला ती भाषा उमगणे शक्य नव्हते, एवढ्यासाठी.

आता बियाण्याकडे येऊ. १८६२ च्या मॉरिल कायद्याचा स्वीकार करणारे आयोवा हे पहिले राज्य. त्यातून एम्स येथील कृषि महाविद्यालय उभे राहिले. गुलामगिरीत जन्मलेला वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तेथे शिकला, आणि तेथील एका प्राध्यापकाच्या लहान मुलाला रानावनांतून हिंडविताना झाडे ओळखावयास त्याने शिकविले. तो मुलगा म्हणजे हेन्री वॉलेस. त्याने १९२६ मध्ये संकरित मक्याचे बियाणे विकणारी कंपनी काढली आणि १९३३ मध्ये तो रूझवेल्टचा कृषिमंत्री झाला. संकरित बियाण्याचा जोम पहिल्या पिढीपुरताच असतो. घरचे दाणे पुन्हा पेरले तर उत्पन्न घटते. त्यामुळे मळ्यातले उत्तम कणीस निवडून बीज राखण्याचे शेतकऱ्याचे परंपरागत ज्ञान एकाएकी निरुपयोगी झाले, आणि दर वर्षी बियाणे विकत घेणे आले. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस ह्यांनी दोन आयोवी वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. १९४१ पर्यंत त्यांतील दोघे सोडून सर्वांनी हे बियाणे स्वीकारलेले होते. नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात ह्या विषयाचा हा पायाभूत अभ्यास मानला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी एकरी चाळीस बुशेलांच्या आतबाहेर असलेले उत्पन्न आज दोनशे बुशेलांपर्यंत, म्हणजे एकरी पाच टनांपर्यंत, गेले आहे. त्यात खताचा आणि यंत्राचा वाटाही मोठा आहे.

आपल्याकडे १९६४ मध्ये संकरित ज्वारीचे पहिले वाण आले तेव्हा 'हायब्रीड' हा शब्द अल्पावधीत खेड्यापाड्यांतील मराठीत रुजला, तो पिकाचेच नाव होऊन बसला, आणि पुढे बेचव वा नकली ह्या अर्थीही वापरला जाऊ लागला. आयोवात असा अर्थपालट झाल्याचे दिसत नाही. तेथील मका मुख्यतः जनावरांसाठी होता, ताटात भाकरी म्हणून येत नव्हता; चवीची तक्रार करणारे कोणी नव्हते. भारताशी दुसरा धागा अधिक परिचयाचा आहे. हरित क्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग हे १९१४ मध्ये आयोवातील क्रेस्कोजवळच्या नॉर्वेजियन वंशाच्या शेतकरी कुटुंबात जन्मले आणि १९६३ मध्ये भारतात आले. त्यानंतरचा गव्हाचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे.

उत्पन्न वाढले म्हणजे शेतकरी सुखी झाला, असे समीकरण आयोवाच्या अनुभवाशी जुळत नाही. पहिल्या महायुद्धातील चढ्या भावांवर १९१९–२० मध्ये लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या आणि लगेच भाव कोसळले. १९३२ मध्ये मायलो रेनोच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सू सिटीकडे जाणारे दुधाचे रस्ते अडविले. लिलावात शेजाऱ्यांनी चार-दोन पेन्यांची बोली लावून माल मूळ मालकाला परत करण्याची प्रथा पडली. एप्रिल १९३३ मध्ये ल मार्स येथे गहाणाचे लिलाव थांबविण्यास नकार देणाऱ्या न्यायाधीशाला जमावाने न्यायालयातून ओढून नेले आणि त्याच्या गळ्यात फासाचा दोर घातला. तो मरता मरता वाचला. हेच चक्र पुन्हा फिरले. १९७० नंतरच्या तेजीत कर्जे वाढली, व्याजदर चढले, आणि एकरी जमिनीचा सरासरी भाव १९८१ मधील २,१४७ डॉलरांवरून १९८६ मध्ये ७८७ डॉलरांवर आला. हजारो कुटुंबे देशोधडीस लागली. १९३५ च्या सुमारास राज्यात सुमारे दोन लाख वीस हजार शेते होती आणि सरासरी शेत दीडशे एकरांचे, म्हणजे मोजणीदाराच्या चतुर्थांशाएवढेच होते. २०२२ च्या कृषिगणनेत शेते ८६,९११ उरली आणि सरासरी ३४५ एकरांवर गेली. १९०० साली बावीस लाख असलेली वस्ती सव्वाशे वर्षांत बत्तीस लाखांपर्यंतच पोचली, त्याच काळात देशाची चौपटीहून अधिक झाली. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात एके काळी आयोवाचे अकरा सभासद असत. आज चार आहेत.

राज्याच्या एकूण उत्पन्नात प्रत्यक्ष शेतीचा वाटा आज लहान आहे, हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. डि मॉइन हे विम्याच्या धंद्याचे मोठे केंद्र आहे, वॉटर्लूला ट्रॅक्टर होतात, सीडर रॅपिड्सला धान्यप्रक्रिया चालते, आणि राज्यात निर्माण होणारी निम्म्याहून अधिक वीज पवनचक्क्यांतून मिळते. निम्म्याहून अधिक मका मोटारींच्या इंधनासाठी इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. एका अर्थी एवढी सारी भूमी अन्नाच्या नव्हे, इंधनाच्या सेवेत आहे.

जुन्या नळ्यांनी आपले देणे मात्र सोडलेले नाही. खतातील नायट्रेट मातीला चिकटत नाही. ते पाण्याबरोबर त्याच नळ्यांतून ओढ्यात आणि ओढ्यातून रॅकून व डि मॉइन नद्यांत उतरते. राजधानी ह्याच नद्यांचे पाणी पिते. १९९० नंतर तेथील जलपुरवठा संस्थेला नायट्रेट काढण्याचे खास यंत्रगृह उभारावे लागले. २०१५ मध्ये ह्या संस्थेने वरच्या बाजूच्या तीन काउंट्यांतील निचरा-मंडळांवर दावा लावला, तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. कारण अशा मंडळांना नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून राज्याच्या कायद्याने संरक्षण आहे. त्या तीनपैकी ब्यूना व्हिस्टा ह्या काउंटीतील स्टॉर्म लेक नावाच्या लहान गावी आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या वृत्तपत्राचे संपादक आर्ट कलन ह्यांनी निचरा-मंडळांना वकिलांचा पैसा कोण पुरवीत आहे असा प्रश्न लावून धरला, आणि त्या अग्रलेखांना २०१७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये नायट्रेट इतके वाढले की राजधानीच्या परिसरात घराभोवतीच्या हिरवळीस पाणी घालण्यास बंदी करावी लागली.

त्याच स्टॉर्म लेकला भाषांचा नवा अध्याय सुरू आहे. १९८० नंतर मांसप्रक्रियेचे जुने, कामगारसंघटना बळकट असलेले शहरी कारखाने बंद पडले आणि धंदा लहान गावांत, कमी वेतनावर गेला. शेतातून माणसे निघून गेलेली होती. कारखान्यांना मजूर बाहेरून आणावे लागले. तत्पूर्वीच, १९७५ मध्ये, गव्हर्नर रॉबर्ट रे ह्यांनी लाओसमधून थायलंडमध्ये आलेल्या ताइ दाम निर्वासितांना एकत्र राहता यावे म्हणून आयोवात आश्रय दिला होता. आशियाबाहेर ह्या समाजाची सर्वांत मोठी वस्ती आज तेथे आहे. त्यांच्यामागून लाओ, मेक्सिको व ग्वातेमालामधील स्पॅनिशभाषी, आफ्रिकेतील निर्वासित असे अनेक आले. २००८ च्या मे महिन्यात पोस्टव्हिल ह्या दोन-अडीच हजार वस्तीच्या गावातील एका कारखान्यावर सरकारी छापा पडला आणि ३८९ कामगार पकडले गेले. त्यांतील पुष्कळसे ग्वातेमालाचे होते, आणि काहींची मातृभाषा स्पॅनिशही नसून माया कुलातील होती. न्यायालयात त्यांच्यासाठी लावलेले दुभाषे मात्र स्पॅनिशचे होते.

२००२ मध्ये आयोवाने इंग्रजीला राज्यभाषा ठरविणारा कायदा केला. १९१८ च्या जाहीरनाम्याप्रमाणे तो कोणाच्या खासगी बोलण्यावर बंधन घालीत नाही. सरकारी व्यवहारापुरता आहे. टामा काउंटीतील मेस्क्वाकी शाळेत, विकत घेतलेल्या त्या भूमीवर, मुलांना मेस्क्वाकी शिकविली जाते. स्टॉर्म लेकच्या शाळांत तर इंग्रजी घरात न बोलणाऱ्या कुटुंबांतील मुलांची संख्या आता मोठी आहे, आणि त्या गावाची लोकसंख्या, आयोवातील बहुतेक शेतकरी गावांप्रमाणे घटण्याऐवजी, वाढत आहे.